एक स्पेस जास्तीची

शनिवारी दुपारी जेवण अंमळ जास्त झालं होतं. अशा वेळी माणसाने टर्मिनल, म्हणजे कमांडी टाइप करायची ती खिडकी, उघडू नये. मी उघडलं. एडिटर मागे टाकून जातो त्या जुन्या फाइली, ज्यांच्या नावाला शेवटी टिल्डची (~) शेपटी असते, तेवढ्या काढून टाकायच्या होत्या. आरएम म्हणजे काढून टाक, स्टार म्हणजे कुठलंही नाव, आणि शेवटी टिल्ड. स्टार आणि टिल्ड एकमेकांना चिकटून हवेत. माझ्या पेंगुळलेल्या अंगठ्याने मध्ये एक स्पेस दिली. सुटा स्टार म्हणजे इथल्या सगळ्या फाइली, सुटी टिल्ड म्हणजे माझं होम फोल्डर. होम ही डिरेक्टरी आहे, ती काढता येत नाही, अशी तक्रार आली. म्हटलं, चला, वाचलो! मग एलएस मारून फाइलींची यादी पाहिली तर फोल्डर नुकत्या सारवलेल्या अंगणासारखं. एक काडी नाही.

पोटात गोळा आलाच. पण गिटला, म्हणजे फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला, स्टेटस विचारल्यावर तांबड्या अक्षरांत 'डिलीटेड', 'डिलीटेड' अशा 39 ओळी आल्या आणि जीव भांड्यात पडला. काय गेलं ते ज्याला नावानिशी सांगता येतं, त्याच्याकडे ते असणारच. स्टार हा ठिपक्याने सुरू होणाऱ्या नावांना शिवत नाही, आणि गिटचा सगळा संसार ठिपकेवाल्या लपलेल्या फोल्डरात असतो. तो सुखरूप होता.

परत आणायला हल्ली गिट रिस्टोअर म्हणतात. 2019 साली गिटच्या 2.23 आवृत्तीत आली ही कमांड. त्याआधी सगळं चेकआउटच्याच डोक्यावर: ब्रँच, म्हणजे कामाची फांदी, बदलायची तीच, हरवलेली फाइल आणायची तीच. खेड्यातल्या पोस्टात एकच माणूस शिक्काही मारतो आणि पत्रंही वाटतो, तसं. माझी बोटं अजून चेकआउट, दोन डॅश, टिंब असंच टाइप करतात. ऑफिसातली नवी पोरं हसतात. हसू देत. 39 फाइली आल्या की नाही परत?

लहानपणी अण्णांबरोबर तलाठ्याकडे जायचो. चावडीत कुबट कागदांचा वास आणि लाल फडक्यात बांधलेली दप्तरं. अण्णा उतारा मिळायची वाट बघत बसायचे, मी भिंतीवरच्या पालीकडे. शाळेत पाटी थुंकीने पुसायची सवय असल्यामुळे मी एकदा भाऊसाहेबांना विचारलं, नाव चुकलं तर पुसता कशाने? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "पुसायचं नसतं बाळा. कंस करायचा." आणि उताऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. पणजोबांचं नाव, त्याला दोन्ही बाजूंनी कंस, शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. खाली वारसांची नावं. माणूस वारला, कंस. जमीन विकली, कंस. नाव आहे तिथेच राहतं, फक्त चालत नाही. कधी, का, कुणाच्या अर्जावरून, ते नंबर धरून सहा नंबरच्या नोंदवहीत बघायचं. पुढे नोकरीत कमिट, म्हणजे गिटमधली एकेक नोंद, आणि तिचा नंबर असलेला तो चाळीस अक्षरी हॅश पाहिला तेव्हा मला एवढं नवल का वाटलं नाही, ते आता कळतं.

हे सगळं आठवत बसलो आणि मग लक्षात आलं, वावर.टीएक्सटी आलेली नाही. मागच्या महिन्यात अण्णांनी फोनवर सांगितलेला गटाचा सगळा इतिहास मी तिच्यात उतरवला होता. तिला गिटच्या नोंदीत अॅड करायचं राहून गेलं होतं. ज्याची नोंदच नाही ते गिट कुठून देणार? तरी एफएससीके लॉस्ट-फाउंड, म्हणजे गिटमधल्या बेवारशी वस्तू शोधायची कमांड, चालवून पाहिलं. बिननावाचे तुकडे निघाले, कारण तुकड्यात मजकूर असतो, नाव नसतं. अशा बेवारशी वस्तू दोन आठवड्यांनी फेकायची गिटची रीत आहे, पण सुमारे 6,700 वस्तूंचा केर साठल्याशिवाय ते आपणहून झाडू हातात घेत नाही. माझ्या केरात एका जुन्या राजीनाम्याचा मसुदा सापडला. दोन परिच्छेद, पुष्कळ बाणेदार. वावर नाही.

शेवटी फोन लावला. "अण्णा, ते गटाचं परत सांगाल का? पुसलं गेलं माझ्याकडून."

"कंप्युटरमधून पण पुसतं का रे?" म्हणाले, पण चष्मा आणि कागद घेऊन बसले. प्रत्येक नंबराला कागद चाळण्याचा आवाज. पणजोबांचा फेरफार झाला, आजोबांचा झाला, मग वारस: अण्णा, काका आणि आक्काआत्या. मागच्या वेळी आत्याचं नाव सांगितल्याचं मला आठवत नव्हतं.

"आत्याचं नाव आहे उताऱ्यावर?"

"आहे. कंस आहे त्याला. हक्कसोड करून दिली ना तिने."

"कधी?"

"शहाण्णवला."

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा देणारी केंद्राची दुरुस्ती 2005 च्या सप्टेंबरात लागू झाली. गिटही त्याच वर्षीचं, एप्रिलमधलं. हे माझ्या डोक्यात उगाच आलं. फोनवर बोललो नाही.

"फेरफार नंबर काय त्याचा?"

"तो कशाला हवा तुला?"

"फाइलीत टाकतोय."

तिकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. या खेपेला कागद मात्र वाजला नाही.

"अकराशे सत्तेचाळीस," अण्णा म्हणाले. "लिही."