घर बुडालेच नव्हते

आमचे कुटुंब मूळचे कोयनाकाठचे. धरणात घर गेले आणि आजोबा तेव्हाच्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात येऊन स्थायिक झाले, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ‘४७ जी’ मालिकेतला, एक इंचाला एक मैल या प्रमाणाचा, धरणापूर्वीचा जुना नकाशा हाती आला तेव्हा या गोष्टीतले ‘घर’ तेवढे चुकीचे निघाले.

या नकाशावर तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर ५० फुटांवर आहेत, वस्ती लाल चौकोनांनी आणि कसलेली जमीन पिवळ्या रंगाने दाखवली आहे. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला की पाण्याची पातळी साधारण २१६३ फुटांवर येते, म्हणून २१५० च्या रेषेच्या जरा वरून मी पेन्सिलीने आजचा काठ ओढत गेलो. आमच्या वाडीचे पाच लाल ठिपके २२५० आणि २३०० या रेषांच्या मध्ये, म्हणजे पाण्यापासून चांगले वर राहिले. पेन्सिलीखाली गेली ती नदीलगतची पिवळी पट्टी, म्हणजे भाताची सगळी खाचरे, आणि त्यांच्या कडेने बाजाराला जाणारी वाट. वर उरली ती वरकस जमीन. तिच्यात नाचणी-वरी पिकवायची आणि काही वर्षांनी ती पडीक टाकायची. नुसत्या वरकसावर एवढे मोठे कुटुंब चालणार नव्हते, हे त्या रंगांकडे पाहूनच कळते.

बाजाराची ती वाट मी ओला दोरा वळणावळणाने लावून मोजली. दोरा चार इंचांहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे चार मैल भरला. कोस साधारण दोन मैलांचा. आजी ‘दोन कोस’ म्हणायची ते अगदी बरोबर होते. वाडीचे नाव मात्र सहज सापडले नाही, कारण रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ एकच होतात आणि ‘द’-‘ड’ यांचीही तीच गत. जमीन कोणाच्या नावावर होती हे असा नकाशा सांगत नाही. त्यासाठी जुने सातबारे आणि फेरफारच काढावे लागतात.

नकाशा घेऊन चुलत्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, ओढ्याच्या निळ्या रेषेवरून बोट वर नेले आणि विचारले, “आणि देव कुठे आहे?” वाडीपाशी देवळाची खूण नव्हती. देव आंब्याखाली उघड्यावर होता, छप्पर कधी घातलेच नव्हते, असे ते म्हणाले. मी त्या जागेवर त्यांच्याकडूनच पेन्सिलीने खूण करून घेतली.