डावा डोळा आभाळाकडे, उजवा दाण्याकडे: तिसऱ्या तुकडीच्या नोंदी

तिसऱ्या तुकडीच्या चाचण्या संपल्या. कोंबडीची 24 अंडी ठेवली होती, 12 उजेडात आणि 12 पूर्ण अंधारात. उजेडातून 9 पिल्लं निघाली, अंधारातून 8. दोन्ही इन्क्युबेटर 37.5 अंश सेल्सिअसवर होते आणि अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद केलं.

नव्याने येणाऱ्यांसाठी आधी मुद्दा सांगतो. बाहेर यायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्यात मान अशी वळवून बसतं की डावा डोळा अंगात दडतो आणि उजवा कवचाजवळ येतो. कवचातून झिरपणारा उजेड मग एकट्या उजव्या डोळ्याला मिळतो. आपल्या दृष्टिचेतांचे (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांचे) निम्मेच तंतू पलीकडच्या बाजूला जातात, पक्ष्यांचे जवळजवळ सगळे. म्हणून उजव्या डोळ्याने पाहिलेलं आधी डाव्या मेंदूत पोचतं. दाणा कोणता आणि खडा कोणता हे ओळखण्यात डावा मेंदू तरबेज, घारीवर नजर ठेवणं उजव्या मेंदूचं काम. संशोधक लेस्ली रॉजर्स यांनी 1990 मध्ये दाखवलं की जन्माआधी पिल्लाचं डोकं अंड्याबाहेर काढून उजवा डोळा झाकला आणि डाव्यावर उजेड पाडला, तर ही वाटणी उलटते. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मान कुठे वळणार हे जनुकं ठरवतात, पण त्या वळणातून मेंदूत काय घडणार हे कवचापलीकडचा उजेड ठरवतो!

पहिल्या तुकडीत मी अंधारातली अंडी एकोणिसाव्या दिवशी टॉर्च लावून तपासली होती, म्हणजे तुलनाच वाया घालवली. दुसऱ्या तुकडीत इन्क्युबेटरच्या आकड्यांचा हिरवा दिवा झाकायचा राहिला. या वेळी त्यावर काळी पट्टी लावली, खिडकीवर दुहेरी काळं कापड टाकलं, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवून त्यांच्यापुढे पुठ्ठ्याची आडवी झडप बसवली. अंधाऱ्या गटाचं कॅन्डलिंग (दिव्यासमोर धरून अंड्याच्या आत बघणं) केलंच नाही. कोणती अंडी रिकामी आहेत ते एकविसाव्या दिवसापर्यंत कळलं नाही, पण त्याला इलाज नव्हता.

दाणा-खड्याची चाचणी अशी. दाण्याएवढेच आणि साधारण त्याच रंगाचे खडे तळाला चिकटवायचे, त्यांच्यात दाणे विखरायचे आणि पिल्लाच्या पहिल्या 60 चोची मोजायच्या. खडे चिकटवणं फार महत्त्वाचं आहे. सुटे असले तर पिल्लू ते गिळतं, आणि ती चूक धरायची की नाही हे कळत नाही. पहिले दोन दिवस चाचणी घेण्यात अर्थ नाही, कारण पोटात बलकाचा साठा असतो आणि भूकच नसते. मी चौथ्या दिवशी घेतली, आधी तीन तास दाणा बंद ठेवून. एकटं ठेवलेलं पिल्लू टिपायचं सोडून नुसतं ओरडतं. जाळीपलीकडे एक सोबती ठेवला की मिनिटाभरात शांत होतं.

डोळ्यावर पट्टी बांधायचा प्रयोग मी सोडून दिला. मऊ कापडी टोपी केली होती, पण पिल्लू पायाने ती ओरबाडत राहिलं आणि मला ते बघवेना. त्याऐवजी दोन्ही डोळे उघडे ठेवून दुहेरी काम दिलं. खाली दाणे, वर दोरीवरून सरकणारी पुठ्ठ्याची शिकारी पक्ष्याची आकृती. रॉजर्स, झुक्का आणि व्हॅलोर्टिगारा यांनी 2004 मध्ये हीच तुलना केली होती आणि अंधारातली पिल्लं दोन्ही कामं एकदम करताना अडखळतात असं त्यांना दिसलं होतं.

रंगीत रिंगा बहिणीने घातल्या. मोजणी पूर्ण होईपर्यंत कोणता रंग कुठल्या गटाचा हे मला माहीत नव्हतं. शेवटच्या 20 चोचींत खड्यावर पडलेल्या चोची उजेडाच्या पिल्लांत सरासरी 4 निघाल्या, अंधाराच्या पिल्लांत 7. उजेडाची पिल्लं सावली सरकली की मान तिरकी करून डावा डोळा वर लावत, आणि ती गेली की लगेच दाण्याकडे वळत. अंधाराची बरीचशी सावलीनंतर थिजून उभी राहत, आणि पुन्हा टिपायला लागली की कुठेही चोच मारत. 17 पिल्लांवर मी कसलाही दावा करणार नाही. पण व्हिडिओ संथ गतीने बघताना फरक डोळ्यांना दिसत होता. निळ्या रिंगेचं एक पिल्लू तर अंधारातलं असूनही सगळ्यांत कमी चुकलं. प्रत्येक पिल्लाचा स्वतःचा कल आणि सगळ्या कळपाचा कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून मी आता प्रत्येकाची ओळ वेगळी लिहितो.

कुणीतरी विचारलं होतं, यावरून कलाकार उजव्या मेंदूचे आणि हिशेबी डाव्या मेंदूचे असं म्हणता येतं का. नाही. 2013 मध्ये हजाराहून अधिक माणसांचे मेंदू-स्कॅन तपासले गेले, त्यांत कुणाचा एक अर्धा मेंदू एकूणच वरचढ असल्याचं दिसलं नाही. बाजू कामाची असते, आख्ख्या माणसाची नव्हे. पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये बोलणं हरपलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूची इजा दाखवली, तेव्हाही प्रश्न एका कामाचाच होता.

चौथ्या तुकडीची अंडी परवा ठेवतो. या वेळी तीन गट: पूर्ण अंधार, पूर्ण उजेड आणि फक्त विसाव्या दिवशी सहा तास उजेड. निळ्या रिंगेच्या पिल्लाची चाचणी त्याआधी एकदा पुन्हा घेईन, या वेळी आकृती उलट्या दिशेने सरकवून.