रेफरची चिठ्ठी : माझा अनुभव

आमचा पाडा सातपुड्याच्या डोंगरात आहे आणि ओढ्याला पूर आला की रस्ता बंद होतो. म्हणून आशाताईंच्या आग्रहावरून नववा महिना लागताच वहिनींना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे गरोदर बायांना प्रसूतीआधी राहण्यासाठी असलेल्या खोलीत, ठेवले. तेथे सोय चांगली होती. रक्तदाब १६०/११० झाला आणि लघवीत प्रथिने आढळली, तेव्हा डॉक्टरांनी झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने दिली, रेफरच्या, म्हणजे पुढच्या रुग्णालयात पाठवण्याच्या, चिठ्ठीवर मात्रा व वेळ लिहून १०८ने पुढे पाठवले.

खरी अडवणूक मधल्या रुग्णालयात झाली. भूलतज्ज्ञ नसल्यामुळे तेथे सिझेरियन होणार नाही, हे दारातच कळले. परंतु आमची गाडी दुसऱ्या रुग्णासाठी निघून गेली होती आणि पुढची गाडी रेफरच्या चिठ्ठीशिवाय हलणार नव्हती. डॉक्टर प्रसूतिकक्षात, शिक्का दुसऱ्या खोलीत आणि केंद्रातून आणलेली मूळ चिठ्ठी त्यांच्या फाइलमध्ये. वहिनींचे डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि मला मात्र या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवले जात होते. अखेर हाती आलेल्या नव्या चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी’ एवढेच शब्द होते. मॅग्नेशियम सल्फेटची पुढची मात्रा चार तासांनी द्यायची असते. पहिली केव्हा दिली हेच लिहिले नसेल, तर जिल्ह्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे कशावरून? “दादा, गाडी लागली आहे, निघा आता,” अशी घाई सुरू असतानाही मी रक्तदाब, रक्तगट, इंजेक्शनची मात्रा आणि वेळ लिहून घेतल्याशिवाय हललो नाही, याचा मला अभिमान आहे.

जिल्हा रुग्णालयात ती चिठ्ठी वाचूनच उपचार सुरू झाले. सिझेरियन झाले, १ किलो ७०० ग्रॅमची मुलगी नवजात अतिदक्षता कक्षात राहून सुखरूप घरी आली.

प्रत्येक चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढावा. सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, रक्त आणि घरी सोडणारी गाडीसुद्धा २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार विनामूल्य आहे, त्यामुळे बाहेरून औषध आणायला सांगितल्यास कार्यक्रमाचे नाव घेऊन विचारावे. आणि हे सर्वांत आधी सांगायला हवे होते : केंद्रातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना पुढच्या रुग्णालयात फोन करायला सांगावे, भूलतज्ज्ञ हजर आहेत का आणि रक्त उपलब्ध आहे का, हे विचारून घ्यावे, आणि नसल्यास थेट जिल्ह्याचीच चिठ्ठी मागावी.