चौथा नंबर

आज तालुका स्पर्धा. ३००० मीटरला आमची पोरगी चौथी आली अन् बाभळीखाली तोंड लपवून बसली. आठ दिवस नीट झोपली नव्हती म्हणे. सरावात बेतानं पळणारी, आज पहिल्याच राऊंडला सगळा दम काढून मोकळी! पाय चांगलेच आहेत, भीतीनं घात केला. मी आपला ठरलेला डोस दिला: आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, २०२२ ची बर्मिंगहॅम राष्ट्रकुल, स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं. डोळे पुसत म्हणाली, "सर, त्यांना रौप्य तरी भेटलं की."

काय बोलणार! गुमान भेळ घेऊन दिली. अर्धी संपल्यावर तिनंच विचारलं, "उद्या पाचला यायचं का साडेपाचला?"