कॅसाब्लांकात विदादचा इतिहास शोधताना

कॅसाब्लांकाला उतरणारे बहुतेक भारतीय हसन दुसरे मशीद बघतात आणि लगेच माराकेशची गाडी धरतात. फुटबॉलची आवड असेल तर असं करू नका. विदाद हा इथला लाल जर्सीचा क्लब. त्याचा इतिहास या शहरातून पायी आणि ट्रामने फिरत वाचता येतो, आणि माझ्या मते तो स्टेडियमपासून सुरू न करता समुद्राकाठून सुरू करावा.

म्हणून पहिला मुक्काम मशिदीचाच. १९९३ साली पूर्ण झालेली ही मशीद, तिचा मिनार २१० मीटरचा. मुस्लिमेतरांना ठरलेल्या वेळी मार्गदर्शकासोबत तिकीट काढून आत जाता येतं. शुक्रवारी वेळा कमी असतात, तेव्हा दुसरा वार निवडा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. बाहेरच्या विस्तीर्ण फरसबंदीवर उभं राहिलं की एक गोष्ट आठवायची: फ्रेंच राजवटीत इथे समुद्राच्या पाण्याचा प्रचंड मोठा नगरपालिका जलतरण तलाव होता. तो पाडून ही जागा मोकळी केली गेली.

तलावाचा आणि फुटबॉल क्लबचा काय संबंध, असं वाटेल. १९३०च्या दशकात कॅसाब्लांका बंदरालगतच्या तलावांवर युरोपियन क्लबांचा ताबा होता आणि मोरोक्कन माणसाला तिथे सहजी प्रवेश मिळत नव्हता. मुंबईतल्या ब्रीच कँडीच्या तलावाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याच गावच्या समुद्रात पोहायला दुसऱ्याची परवानगी का घ्यायची, या रागातून मोहम्मद बेनजलून आणि त्यांच्या सोबत्यांनी ८ मे १९३७ रोजी विदादची स्थापना केली. आधी वॉटर पोलो आणि पोहणं. फुटबॉल आला १९३९ साली. नाव इजिप्शियन गायिका उम्म कुलसूमच्या ‘विदाद’ या चित्रपटावरून पडलं, असं क्लबचे लोक प्रेमाने सांगतात.

फुटबॉल संघ उभा केला मोहम्मद बेन लहसन अफानी यांनी. सगळं शहर त्यांना ‘पेर जेगो’ म्हणायचं. १९४८ ते १९५१ अशी सलग चार वर्षं विदादने फ्रेंच अमलाखालच्या मोरोक्कोची लीग जिंकली. ज्या लीगमध्ये वसाहतवाल्यांचे संघ मातब्बर होते, तिथे मोरोक्कन पोरांनी सलग चार वेळा अव्वल यावं, याचा अर्थ तेव्हाच्या प्रेक्षकाला कुणी सांगावा लागला नसेल. १९५६ला स्वातंत्र्य आलं आणि पुढच्याच वर्षी स्वतंत्र देशाची पहिली लीगही विदादनेच जिंकली. पुढे याच पेर जेगोंनी १९४९ साली स्थापन झालेल्या राजा कॅसाब्लांका या शहरातल्या दुसऱ्या क्लबाचं प्रशिक्षण हाती घेतलं. दोन्ही क्लबांना घडवणारा माणूस एकच. डर्बीच्या, म्हणजे या दोघांच्या आपसातल्या सामन्याच्या दिवशी एकमेकांवर ओरडणारे लोकही हे नाव आदराने घेतात, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मशिदीकडून जुन्या मदिनेत, म्हणजे तटबंदीच्या जुन्या शहरात, चालत जाता येतं. भिंतींकडे लक्ष ठेवा. लाल रंगातली अक्षरं विदादची, हिरवी राजाची. राजाचं घर म्हणजे दर्ब सुल्तान. त्या बाजूला गेलात तर लाल टी-शर्ट घालू नका, आणि विदादच्या सामन्याला हिरवा. गल्ल्यांमध्ये लोकांचे फोटो विचारूनच काढा.

स्टेडियम मआरिफ भागात आहे. १९५५ साली उघडलं तेव्हा त्याला मार्सेल सेर्दाँ या मुष्टियोद्ध्याचं नाव होतं. स्वातंत्र्यानंतर ते स्टाद द’ऑनर झालं, आणि आता मोहम्मद पाचवे स्टेडियम. दोन्ही क्लबांचं मैदान हेच. उत्तरेकडचा कर्वा, म्हणजे गोलमागचा स्टँड, विदादच्या ‘विनर्स’ या कट्टर चाहत्यांच्या गटाचा, दक्षिणेकडचा राजावाल्यांचा. पहिल्यांदा जाणाऱ्याने बाजूच्या स्टँडचं तिकीट घ्यावं, कारण कर्वाच्या गर्दीत नव्वद मिनिटं उभंच राहावं लागतं. शिवाय तो सगळा देखावा समोरून बघण्यात खरी मजा आहे: ढोलाचा एक ठोका पडतो आणि अख्खा स्टँड एकदम उसळतो. तिकिटं ऑनलाइन विकली जातात, तारखा ऐन वेळी बदलतात. सामना ठरल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका. दोन तास आधी पोचा. झडती कडक असते, पिशवी हॉटेलात ठेवलेली बरी.

शेजारी बसलेल्याशी बोलणं काढायचं तर वर्षं पाठ असू द्या. १९९२ला सुदानमधल्या ओमदुरमानच्या अल हिलालला हरवून पहिलं आफ्रिकी विजेतेपद. २०१७ला कैरोच्या अल अहलीला हरवून दुसरं. ३० मे २०२२ला याच मैदानावर पुन्हा अल अहली, २-०, दोन्ही गोल झुहैर अल मुतराजीचे. तेव्हाचे प्रशिक्षक वलीद रेग्रागी त्याच वर्षी मोरोक्कोला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत घेऊन गेले. पोर्तुगालविरुद्धच्या गोलचा क्रॉस देणारा अतियतल्लाह तेव्हा विदादचाच. आणि २०१९चा विषय निघाला तर फक्त ऐकून घ्या: ट्युनिसजवळच्या रादेसमध्ये अंतिम सामन्यात विदादचा गोल ऑफसाइड ठरला, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची यंत्रणा, बंद निघालं, संघाने पुढे खेळायला नकार दिला आणि करंडक ट्युनिसच्या एस्पेरान्स क्लबाला गेला. ती जखम अजून ओली आहे.

विमानतळावरून कासा व्होयाजर स्टेशनला थेट ट्रेन आहे, तिथून ट्राम मिळते. लाल पेटीट टॅक्सीत, म्हणजे शहरातल्या छोट्या टॅक्सीत, मीटर लावायला सांगा. वाटेत दुसरे प्रवासी घेतात, रात्री भाडं दीडपट होतं. दिऱ्हाम तिथे पोचूनच घ्यावे लागतात आणि रुपये कुणी बदलून देत नाही, म्हणून युरो किंवा डॉलर न्या. थोडं फ्रेंच आलं तर कामं पटापट होतात. शाकाहारी असाल तर भाज्यांचा कुसकुस मागवण्याआधी विचारा, तो बहुधा मटणाच्या रश्शात शिजतो. त्यापेक्षा बिसारा, म्हणजे सुक्या बाकल्याचं दाट सूप, आणि झालूक घ्या, जे आपल्या वांग्याच्या भरताच्या अगदी जवळचं आहे. मुंबईहून थेट विमान नाही, दुबई किंवा दोहामार्गे जाता येतं. भारतीयांना व्हिसा लागतो, त्याचे नियम अधिकृत संकेतस्थळावर बघून मगच सामन्याची तारीख धरा.