मांडवी एक्स्प्रेसमध्ये लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांसाठी

दिवाळीत कुडाळला जाताना रजा पुरेशी शिल्लक नसल्याने मांडवी एक्स्प्रेसमध्ये लॅपटॉप उघडून दिवसभर काम करण्याची वेळ माझ्यावर आली.

सीएसएमटीवर गाडी सुटण्यापूर्वी मी रेलवायरचे, म्हणजे रेल्वे स्थानकांवर मिळणारे, वायफाय वापरले. मोबाईल क्रमांक देऊन आलेला ओटीपी भरला की दररोज पहिला अर्धा तास ते मोफत मिळते; मात्र वेग १ एमबीपीएसपर्यंतच असल्यामुळे त्या अर्ध्या तासात फार तर सव्वादोनशे एमबी उतरतात. तेव्हा कामाच्या मोठ्या फाइल घरूनच उतरवून निघावे.

पुढे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भिस्त होती आणि चूक तिथेच झाली. हॉटस्पॉट म्हणजे लॅपटॉपच्या लेखी साधे वायफायच असल्याने त्याने मागच्या मागे अपडेट उतरवायला घेतले आणि चिपळूण येईपर्यंत दिवसाचा दीड जीबी डेटा संपला. विंडोजमध्ये त्या जोडणीपुरते ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे इथला डेटा मोजका आहे ही खूण, आधीच चालू करणे हा यावर उपाय आहे. यूएसबी केबलने मोबाईल जोडल्यास लॅपटॉप त्याला इथरनेट, म्हणजे तारेची वेगळी जोडणी, समजतो, म्हणून तिथे हीच खूण पुन्हा करावी लागते. तरीही केबलच बरी, कारण हॉटस्पॉटने भराभर उतरणारी मोबाईलची बॅटरी तिच्यामुळे टिकते.

डेटाचे जादा पॅक घेतले तरी डोंगरापुढे कोणाचे काय चालणार? उक्षी सोडल्यावर लागणारा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे आणि त्याआधी-नंतरही बोगदे व खोल कटिंगांमुळे रेंज सतत येत-जात राहते. त्यामुळे या मार्गावर व्हिडिओ मीटिंग ठरवूच नये. मजकूर ऑफलाइन लिहावा, ईमेल आउटबॉक्समध्ये ठेवावेत आणि रत्नागिरीसारख्या मोठ्या स्थानकात गाडी थांबली की पाठवावेत. मधल्या वेळासाठी मांडवीच्या पँट्रीतील खाणे आहेच.

गावच्या घरी जांभ्याच्या जाड भिंतींमुळे माजघरात रेंज शून्य होती. निघताना दुसऱ्या कंपनीचे सिम सोबत घेतले होते, त्याची रेंज पडवीत मिळाली. मोबाईल कापडी पिशवीत घालून पडवीच्या खिडकीच्या गजाला टांगला, हॉटस्पॉटच्या लहरींची वारंवारता ५ ऐवजी भिंतीतून अधिक चांगल्या पार होणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झवर ठेवली, आणि पुढचे तीन दिवस ओटीपी आला की तेवढ्यापुरते पडवीत जावे लागले.