आधी माप, मग कॅमेरा : आमची वाटचाल

आमचा धंदा उभा राहिला तो छपाईच्या फोटोंवर. कॅटलॉग, माहितीपत्रकं, भिंतीवर लावायचे मोठे प्रिंट. त्या कामात आमचा एकच देव होता, इंचाला ३०० ठिपके. ए४ पान काठोकाठ भरायचं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, हे आमच्याकडच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कॅमेऱ्यात साइझ ‘लार्ज’, क्वालिटी ‘फाइन’, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) १००, खाली ट्रायपॉड. ही सेटिंग्ज वर्षानुवर्षं हलली नाहीत. हलवायचं कारणही नव्हतं, कारण छापखान्यातला माणूस फोटो भिंगातून बघतो.

पुढे कामं बदलत गेली. ‘छापायचं काही नाही, ऑनलाइन टाकायचंय’ असं सांगणारे ग्राहक वाढले आणि त्यांच्यासोबत एक ठरावीक फोनही येऊ लागला. “अहो, तुम्ही दिलेला फोटो माझ्या कॉम्प्युटरवर एकदम मस्त दिसतो, पण टाकला की फाटतो. असं का?”

कारण साधं होतं. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० पिक्सेलची फाइल देतो. इन्स्टाग्रामला त्यातली १०८० पिक्सेलची रुंदी पुरते, फेसबुक लांब बाजू २०४८ पर्यंत ठेवतं, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तोही बारीक होऊनच पोचतो. म्हणजे फोटो लहान होणार हे ठरलेलंच. तो कोण लहान करणार, एवढाच प्रश्न उरतो. आपण केला तर नजर ठेवून करतो. पलीकडच्या सर्व्हरला तुमच्या मालाच्या पोताशी काही देणंघेणं नसतं, त्याला जागा आणि डेटा वाचवायचा असतो.

आम्ही तेव्हा ऑर्डरच्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न बदलला. आधी ‘फोटो किती?’ असं विचारायचो, आता ‘फोटो कुठे दिसणार?’ असं विचारतो. मोबाइलवर, वेबसाइटच्या वरच्या रुंद पट्टीत, विक्रीच्या पानावर झूम करून, की छापील कागदावर? उत्तर मिळाल्याशिवाय कॅमेरा बॅगेतून काढायचा नाही. सुरुवातीला काही ग्राहक वैतागले, “तुम्ही काढा हो, मग बघू” म्हणायचे. पण हा एक प्रश्न विचारायला लागल्यावर आमची कॅमेऱ्याची सेटिंग्जच बदलली. ते कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

समजा फोटो शेवटी १५०० बाय १००० पिक्सेलचा होणार आहे. मूळ फाइल ६००० बाय ४००० ची. म्हणजे मूळच्या सोळा पिक्सेलांचा मिळून एक पिक्सेल होणार. अंधुक उजेडात आयएसओ वाढवला की फोटोत जे दाणे येतात, ते प्रत्येक पिक्सेलवर वेगवेगळे, अस्ताव्यस्त पडलेले असतात. सोळांची सरासरी काढली की ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि हिशोबाने चौथ्या हिश्श्यावर येतात. प्रत्यक्षात फायदा थोडा कमी होतो, पण डोळ्यांना सहज दिसेल इतका होतो. छपाईच्या कामात आयएसओ १६०० म्हटलं तरी कपाळाला आठ्या पडायच्या. ऑनलाइन कामात ३२०० वर काढलेला फोटो आम्ही बेधडक देतो.

हात हलल्याचंही तसंच. मूळ फाइलमध्ये कडा दोन-तीन पिक्सेल पसरली असेल, तर पूर्ण आकारात बघताना टोचते. चौथ्या हिश्श्यावर आणल्यावर ती एका पिक्सेलच्याही आत जाते आणि फोटो खणखणीत दिसतो. त्यामुळे कार्यशाळेत काम करणाऱ्या कारागिरांचे फोटो आता आम्ही ट्रायपॉड न लावता काढतो. ट्रायपॉड मधे आला की माणसं अवघडतात, आणि अवघडलेला चेहरा कुठल्याच सॉफ्टवेअरने सुटा होत नाही.

लेन्समधल्या छिद्राचं गणित तर उलटंच झालं. लहान वस्तू जवळून काढताना पुढची कड धारदार आली की मागची धूसर होते. दोन्ही हव्या असतील तर छिद्र बारीक करायचं, एफ ११, एफ १६ (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक). पण फार बारीक छिद्रातून प्रकाश जाताना पसरतो आणि अख्खा फोटो किंचित मऊ पडतो. छपाईसाठी हा मऊपणा नको म्हणून आम्ही एफ ८ च्या आसपास थांबायचो आणि मागची कड सोडून द्यायचो. ऑनलाइनच्या मापात तो मऊपणा विरून जातो. तेव्हा एफ १६ लावा आणि वस्तू पुढून मागपर्यंत स्वच्छ दाखवा.

लहान केल्याने न सुधारणाऱ्या गोष्टीही आहेत. जळालेला पांढरा भाग जळालेलाच राहतो. चुकीचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी, लहान फोटोतही चुकीचाच दिसतो. एलईडीच्या उजेडाखाली शटर फार वेगवान ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात, तेही कमी होत नाहीत. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे असे दिवे बहुधा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून आम्ही शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवतो. हे सगळं जागेवरच सांभाळावं लागतं. रंग जुळवायला आमच्या बॅगेत करड्या रंगाचं कार्ड असतं आणि उजेड बदलला की पहिला फोटो त्या कार्डाचा. ग्राहकांना हे नाटक वाटतं. परत आलेला माल ‘फोटोत वेगळा रंग होता’ या कारणाने आला, की मग वाटत नाही.

रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) की जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून, दाबून लहान केलेली फाइल), हा वाद आमच्याकडे फार रंगला नाही. रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे उजेडाच्या ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये ८ बिट, २५६ पायऱ्या. उजेड आपल्या हातात असेल आणि शंभर वस्तू एकाच टेबलावर काढायच्या असतील तर जेपेग पुरतो. उजेड बेभरवशाचा असेल तर रॉ. बाकी यात तत्त्वज्ञान काही नाही.

खरी मेहनत पुढे, कॉम्प्युटरवर होती. एका कापडवाल्या ग्राहकाचे बारीक चौकड्यांचे नमुने होते. पूर्ण आकारात धागा न् धागा मोजता येत होता. १२०० पिक्सेलवर आणले आणि कापडावर इंद्रधनुष्यासारख्या लाटा उठल्या. मूळ विणीत नसलेली ती नक्षी. लहान केलेल्या फोटोत चौकडी मावेल इतके पिक्सेलच उरले नव्हते, म्हणून सॉफ्टवेअर मधले मधले धागे उचलत होतं आणि त्यातून खोटी नक्षी तयार होत होती. आमच्याकडे एडिटिंग करणाऱ्या ताईंनी यावर बरीच डोकेफोड केली. ‘निअरेस्ट नेबर’ नावाची पद्धत अशा कामाला अजिबात नको, कारण ती सरासरी न काढता पिक्सेल सरळ वगळते. आजूबाजूचे पिक्सेल हिशोबात घेणारी बायक्युबिक किंवा लँक्झॉस घ्यायची. त्यानेही लाट राहिली तर आकार बदलण्याआधी फोटो अगदी हलका धूसर करायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण हाच उपाय लागू पडतो. नाहीतर कापड जवळून काढायचं, म्हणजे चौकडी पिक्सेलांच्या मानाने मोठी होते. आता चौकडी, जाळी, बारीक रेघा असं काही दिसलं की फोटो काढतानाच लॅपटॉपवर शेवटच्या मापात आणून बघतो.

आणि शार्पनिंग, म्हणजे कडांना धार देणं, सगळ्यात शेवटी. आकार लहान केल्यावर कडा थोड्या बोथट होतात, त्यांना तेव्हा हलकी धार द्यायची. मूळ फाइलला धार देऊन मग लहान केलं तर ती मेहनत पाण्यात जाते. जास्त धार दिली की कडेभोवती पांढरी रेघ उमटते. ती रेघ हल्ली बऱ्याच फोटोंत दिसते आणि एकदा ओळखायला लागलं की मग सुटका नाही.

जेपेगची क्वालिटी किती ठेवायची, यावर आमच्यात मतभेद होते. ग्राहक शंभर मागतात, शंभर म्हणजे सगळ्यात चांगलं असं वाटतं म्हणून. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील गाळतो. ८० ते ८५ च्या वर गेलं की फाइल भराभर फुगते, पण चित्रात फरक शोधावा लागतो. शिवाय हा आकडा प्रत्येक सॉफ्टवेअरचा आपापला, फोटोशॉपमध्ये तर ० ते १२ अशीही मोजपट्टी आहे. एकाचे ८० दुसऱ्याच्या ८० शी जुळतीलच असं नाही.

यात एक अपवाद आम्ही पाळतो, लाल रंगाचा. जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत साठवली जाते, कारण माणसाचा डोळा उजेडातला फरक जेवढा टिपतो तेवढा रंगातला टिपत नाही. एरवी ते कळतही नाही. पण काळ्या डब्यावर बारीक लाल अक्षरं असली की ती ओली झाल्यासारखी फिसकटतात. अशा मालासाठी रंग पूर्ण मापात साठवण्याचा पर्याय निवडायचा. नुसता लोगो आणि मजकूर असेल तर सरळ पीएनजी, त्यात तपशील गाळला जात नाही.

रंगाचाच आणखी एक ताप. काही ग्राहक स्वतः काढलेले फोटो सुधारायला पाठवतात आणि त्यांच्या कॅमेऱ्यात कुणीतरी ‘हे जास्त चांगलं’ म्हणून ॲडोबी आरजीबी ही रंग नोंदवण्याची पद्धत लावून दिलेली असते. त्यात रंगांचा पल्ला मोठा आहे हे खरं. पण प्रोफाइल (फोटोत कुठली रंगपद्धत वापरली हे सांगणारी चिठ्ठी) न वाचणाऱ्या ठिकाणी तोच फोटो फिका, मरगळलेला दिसतो. ऑनलाइनसाठी १९९६ साली पुढे आलेला एसआरजीबी हाच अजूनही सुरक्षित. फोटो त्यात रूपांतरित करायचा. नुसती प्रोफाइलची चिठ्ठी फाडून टाकली तर रंग बिघडलेलेच राहतात.

ग्राहकांच्या डिझायनरांकडून अजूनही ‘७२ डीपीआयमध्ये द्या’ असा निरोप येतो. आम्ही वाद घालत नाही, आकडा ७२ करून देतो. तो आकडा फक्त छापणाऱ्याला सांगतो की इंचात किती ठिपके बसवायचे. पडद्यावर १५०० पिक्सेल म्हणजे १५०० पिक्सेलच, आकडा ७२ असो की ३००.

काम वाढल्यावर एकेक फोटो हाताने लहान करणं परवडेना. आधी इरफानव्ह्यू या सॉफ्टवेअरमधून गठ्ठ्याने करायचो, नंतर लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मापाचा प्रीसेट, म्हणजे तयार साचा, बनवला. आता ग्राहकाला दोन फोल्डर जातात. एकात पूर्ण आकाराच्या फाइल, नाव ‘मूळ, हात लावू नका’. दुसऱ्यात मोबाइलसाठी १०८० बाय १३५०, वेबसाइटसाठी १५०० आणि रुंद पट्टीसाठी २५६०. ‘हात लावू नका’ लिहावं लागलं, कारण लोक फाइल उघडून कापतात, सेव्ह करतात, पुन्हा उघडतात, पुन्हा सेव्ह करतात, आणि जेपेग प्रत्येक वेळी थोडा तपशील गमावतो. फोल्डर व्हॉट्सॲपवर हवं असेल तर आम्ही ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवतो, त्याने फाइल जशीच्या तशी पोचते.

लहान फाइलमधून आम्ही जागेची माहिती मात्र काढून टाकतो. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. घरून धंदा करणाऱ्या कित्येक बायकांना आपण घराचा पत्ताच फोटोसोबत देतोय याची कल्पना नसते. मोठ्या सोशल साइट ही माहिती लोकांना दिसू देत नाहीत. स्वतःच्या वेबसाइटवर किंवा ईमेलने गेलेल्या फाइलमध्ये ती तशीच राहू शकते.

लहान फोटो मोठा करून द्या, ही मागणी हल्ली वाढली आहे. एआयने ते होतं, दिसतंही छान. पण नसलेला तपशील ते सॉफ्टवेअर अंदाजाने रंगवतं. कुणाच्या आजोबांचा जुना फोटो असेल तर सांगून-सवरून करतो. विकायच्या मालाचा असेल तर नाही करत. विणीचा, टाक्याचा, लाकडाच्या रेषेचा अंदाज बांधून तो ग्राहकाला खरा म्हणून दाखवणं आम्हाला पटत नाही. या नियमापायी काही कामं हातची गेली आहेत.

सध्या अर्धं काम शिकवण्याचं आहे. आमचे जुने ग्राहक रोजचे फोटो स्वतःच फोनवर काढतात आणि आम्ही त्यांना सेटिंग लावून देतो. ४८ मेगापिक्सेलचे बरेच फोन एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात, तो तसाच राहू द्या असं सांगतो, कारण वर सांगितलेली सरासरी फोन आधीच काढून देतोय. आयफोनवर २०१७ पासून फोटो एचईआयसी या फाइलप्रकारात साठतात आणि काही वेबसाइट ते घेत नाहीत, त्यासाठी सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायचं. बोटांनी चिमटा काढून झूम करायचं नाही, दोन पावलं पुढे जायचं. वस्तूवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड बऱ्याच फोनवर तिथेच अडकून राहतात, मग दहा वस्तू एकामागून एक काढल्या तरी उजेड सारखा येतो. आणि या सगळ्याच्या आधी, लेन्स पुसायची. धूसर फोटोची तक्रार घेऊन आलेल्यांचा फोन आम्ही पहिल्यांदा मऊ कापडावर घासतो, आणि बऱ्याच जणांचं काम तिथेच होतं.